गारगोटीला चकाकी कशी येते? हाताने करायचा एक पाठ



लेकरांची पँट धुवायला टाकण्याआधी खिसे तपासले, तर त्यात एक-दोन दगड हमखास निघतात. पैठणला गोदावरीच्या काठावर सहल गेली असेल, तर विचारायलाच नको. आणि घरी आल्यावरची तक्रारही ठरलेली असते. "तिथं किती मस्त लाल दिसत होता, आता बघा, पांढरट झाला." आपण सांगतो, "वाळला ना तो." उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच आहे. वाळल्यावर रंग का जावा? रंग काही पाण्याचा नव्हता.

आजचा पाठ या उरलेल्या अर्ध्या उत्तराचा आहे. सहावीपासून पुढच्या कुठल्याही वर्गाला तो घेता येतो आणि घरी सुट्टीतला छंद म्हणूनही करता येतो. खर्च अगदी थोडा आहे. मात्र त्यात एक धोका आहे. या छंदाबद्दल सांगताना लोक तो सोडून देतात. त्याबद्दल मी मध्ये थांबून सविस्तर लिहिणार आहे. तो भाग ओलांडून थेट कृतीकडे जाऊ नका, ही विनंती.

आधी रंगाचं बघू. नदीतून आणलेल्या दगडाचा पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागला, तरी त्यावर बारीक खड्डे आणि ओरखडे असंख्य असतात. त्यावर पडलेला प्रकाश वाटेल त्या दिशांना विखुरतो आणि डोळ्यांना एक पांढुरकी साय दिसते. आतला रंग त्या सायीखाली झाकला जातो. दगड ओला केला की पाणी खड्ड्यांमध्ये भरतं, वरचा थर सपाट होतो, विखुरणं कमी होतं आणि आतला रंग दिसू लागतो. पाणी उडालं की साय परत. म्हणजे दगडाला पॉलिश करायचं, तर पाण्याने घटकाभर केलेलं काम कायमचं करायचं. वरून काही लावायचं नसतं, खड्डे संपवायचे असतात. वर्गात विचारून बघा, निम्मी मुलं म्हणतील की दुकानातल्या दगडाला तेल किंवा वार्निश लावलेलं असतं.

आपल्या पायाखाली काय आहे

या छंदासाठी छत्रपती संभाजीनगरसारखा जिल्हा शोधून सापडायचा नाही. आपण ज्या काळ्या कातळावर राहतो, ज्यातून वेरूळचं कैलास लेणं कोरलंय, तो बेसाल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून थरावर थर वाहत आलेला लाव्हा. लाव्हा थंड होत असताना त्यातले वायू बाहेर पडू बघत होते. काही बुडबुडे आतच अडकले. पावाचा तुकडा मोडल्यावर जशी छिद्रं दिसतात, तशी ही छिद्रं. पुढे लाखो वर्षं त्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि त्यात विरघळलेली सिलिका भिंतींवर थर देत बसली. छिद्र पूर्ण भरलं तर भरीव गोळा तयार झाला. मध्ये जागा उरली तर आत स्फटिक वाढले. पट्ट्यापट्ट्यांचा असेल तर तो अकीक. पांढरा-धुरकट असेल त्याला आपण सरसकट गारगोटी म्हणतो. काळे-पांढरे पट्टे असलेल्याला सराफाच्या दुकानात सुलेमानी म्हणतात. ही सगळी एकाच कुळातली मंडळी, सगळ्यांच्या अंगात सिलिकाच.

त्याच पोकळ्यांमध्ये स्टिल्बाईट, ह्यूलँडाईट, अपोफिलाईट ही नाजूक खनिजंही सापडतात. जळगाव, नाशिक, पुणे आणि आपल्या भागातल्या खाणींमधले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर विक्रेते जे चकाकणारे अर्धे गोळे पुढे करतात, तेही याच घराण्यातले. पण हे स्फटिक बघायचे, घासायचे नाहीत. ते मऊ असतात. शिवाय काहींचे सुईसारखे किंवा केसांसारखे तंतू असतात आणि अशा तंतूंची पूड श्वासात जाणं वाईट. नियम सोपा ठेवा: तंतू दिसले की तो दगड कपाटात शोभेला.

दगड कुठून आणायचे? विहिरीच्या किंवा पायाच्या खोदकामातून निघालेला ढीग, मुरमाचा ढिगारा, शेताचा बांध, नदीचं उथळ पात्र. जागा कुणाची असेल त्याला विचारून. लेण्यांच्या आणि किल्ल्याच्या संरक्षित आवारातून एक खडाही उचलायचा नाही, हे सहलीच्या बसमध्येच सांगून टाका. चालू खाणीच्या कड्याखाली मुलांना नेऊ नका.

आणलेल्या ढिगाची निवड हाच पहिला तास. खिळ्याने दगडावर ओरखडा काढायला सांगा. खिळ्याने दगड खरवडला गेला, तर तो मऊ. दगडच खिळ्याला घासतो आणि त्यावर धातूची करडी रेघ उमटते, तर तो कठीण. मग जाड काचेच्या तुकड्यावर दगड ओढून बघायचा. काचेची धार आधी टेपने झाकायची आणि काच टेबलावर ठेवायची, हातात धरायची नाही. गारगोटी काचेला चरा पाडते. ही चाचणी फ्रीडरिश मोझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीवर बेतलेली आहे. तिच्यात शंखजिरं १, कॅल्साईट ३, गारगोटी ७, कुरुंद ९ आणि हिरा १०. माणसाचं नख साधारण अडीच, खिडकीची काच साडेपाच. मुलांना इथे एक बारकावा जरूर सांगा. हे आकडे रांगेतल्या नंबरासारखे आहेत, मापासारखे नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या नंबरच्या मुलात किती गुणांचा फरक होता ते नुसत्या नंबरावरून कळत नाही, तसंच. कुरुंद ९ आणि हिरा १० असला, तरी प्रत्यक्षात हिरा कुरुंदाच्या कितीतरी पट कठीण असतो.

निवड संपली की खोलीत पूर्ण अंधार करून दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर जोराने घासा. आतून फिकट पिवळसर उजेड येतो आणि जळल्यासारखा वास सुटतो. खेड्यातल्या आजोबांना हे माहीत असतं, शहरातल्या मुलांना नसतं. आपटायच्या नाहीत, कपच्या डोळ्यात उडतात. नुसत्या घासायच्या, तेही पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून. पाण्यातही उजेड दिसतो. पाण्यातच का, ते पुढे येईलच.

पैठणचा माल भडोचला

इतिहासाच्या शिक्षकांनी इथे आपला तास जोडून घ्यावा. नेवासा इथे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात उत्खनन केलं. तिथल्या प्रवरेच्या गाळात अश्मयुगातल्या माणसाची हत्यारं सापडली. त्यांतली बरीच अकीक, जास्पर, चर्ट अशा बारीक पोताच्या दगडांची होती. बेसाल्ट सगळीकडे पडलेला असताना त्या माणसाने हे दगड का निवडले असतील, हा प्रश्न वर्गात टाका. मुलांनी खिळ्याची चाचणी केलेली असेल, तर उत्तर त्यांच्याकडूनच येईल.

मग पैठण. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावाने ती ओळखली जाते. त्यात पैठण आणि तेर, म्हणजे प्रतिष्ठान आणि तगर, या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, तेर तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर. तेरहून कापड जायचं आणि पैठणहून पट्ट्यांचा दगड, आपण ज्याला सुलेमानी म्हणतो तसला, मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा. पैठण म्हटलं की आपल्याला साडी आठवते. पण त्या व्यापाऱ्याने पैठणच्या नावापुढे कापड नाही, दगड लिहिला. नकाशा काढून मुलांना हा प्रवास रेखाटू द्या. बैलगाडी दिवसाला किती अंतर जात असेल, हे गणित ती स्वतःच मांडतात.

ही कला आज जिवंत आहे ती गुजरातेत, खंबायतला. भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणीतला अकीक तिथे येतो. तो दगडही मुळात आपल्याच दख्खनी लाव्हातला. कारागीर दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून शेणीच्या मंद आचेवर भाजतात. दगडातलं पिवळसर लोहाचं संयुग उष्णतेने लाल होतं आणि मातकट दगड तांबडालाल होऊन बाहेर येतो. विटा लाल होतात त्याच कारणाने. त्यानंतर जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने टिचक्या मारतात. हातोडीचा घाव वरून, पण कपची उडते ती सळईच्या बाजूने. मण्याचा ढोबळ आकार असा काही मिनिटांत तयार होतो. भोकरदनच्या उत्खननात मिळालेले प्राचीन मणी बघितले की कळतं, या हातांची परंपरा किती जुनी आहे.

आता धूळ

इथे थांबायचं. खंबायतची गोष्ट सुंदर मणी बघून संपवता येत नाही.

आकार दिलेला दगड पुढे घासला जातो. पूर्वी हे काम हाताने पाट्यावर व्हायचं. विजेची मोटर आली, सरसर फिरणारं चाक आलं आणि घराच्या ओसरीत, खोलीत, बायकामुलांच्या शेजारी बसून कोरडा दगड घासला जाऊ लागला. काम दसपट वेगाने होऊ लागलं आणि धूळही. ही धूळ शुद्ध सिलिकाची. तिचे मोठे कण नाकात अडकतात, खाली बसतात. घात करतात ते पाच मायक्रॉनपेक्षाही बारीक कण. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे हे कण डोळ्यांना दिसतच नाहीत, हवेत तासन् तास तरंगतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत पोहोचतात. तिथल्या संरक्षक पेशी कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या चक्रात फुप्फुसावर व्रण पडत जातात, ते कडक होतं आणि दम लागायला लागतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. वर क्षयरोगाची शक्यता वाढते ती वेगळीच.

खंबायतच्या अकीक कामगारांमध्ये हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथे अभ्यास केले आहेत आणि धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणाही करून बघितल्या आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमात सिलिकोसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. पण ओसरीत चालणारं काम कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही. मणी ज्याच्या गळ्यात गेला त्याला याचा पत्ताही लागत नाही.

मग आपण हे मुलांना शिकवायचंच कशाला, असं एखाद्या पालकाला वाटेल. मला वाटतं, म्हणूनच शिकवायचं. आपल्या शहरात ग्रॅनाइट कापणारे, दगड फोडणारे, फरशी घासणारे आहेत आणि त्यांची लेकरं आपल्याच वर्गात बसतात. कोरडा ग्रॅनाइट कापताना पांढरा ढग उडतो, त्यातही सिलिका असते. एखादं पोर घरी जाऊन म्हणालं, "बाबा, पाणी मारून कापा", तर या पाठाचं मोल चकचकीत गारगोटीहून जास्त आहे. सांगताना मात्र कुणाच्या वडिलांच्या कामाला कमी लेखल्यासारखं वाटणार नाही, एवढं सांभाळा.

यातून नियम निघतो, आणि तो एकच आहे. दगड कोरडा घासायचा नाही, कोरडा कापायचा नाही, आणि घासून झालेली पूड कोरडी झाडायची नाही. पाणी असलं की कण चिखलात बसतात, हवेत उडत नाहीत. रुमाल किंवा साधा कापडी मास्क या कणांना अडवत नाही, त्यामुळे मास्क आहे म्हणून कोरडं चालेल हा हिशेब चुकीचा. काम संपल्यावर टेबल ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं पाण्यातच पिळायचं. कपड्यांवर वाळलेला चिखल झटकायचा नाही, कपडे थेट भिजत टाकायचे. वडिलांचं ग्रायंडर गारगोटीला लावणं तर अजिबात नको, मोठ्यांनीसुद्धा नको. दगड कापायचाच असेल, तर पाण्याची धार असलेलं कटर जिथे आहे, अशा फरशीच्या दुकानात नेऊन कापून आणा.

सुरुवात संगमरवरापासून

आता कृती. गारगोटी हाताने घासायला घेतली, तर मुलं अर्ध्या तासात कंटाळतील. सातच्या काठिण्याचा दगड आहे तो, हार मानत नाही. म्हणून पहिला दगड संगमरवराचा घ्या. फरशीच्या दुकानाबाहेर तुकडे फुकट मिळतात. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्साईट, काठिण्य ३. तळहातावर मावेल एवढा तुकडा पुरे.

लागणारं साहित्य हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात मिळतं: वॉटर पेपर, नंबर ८०, २२०, ४००, १००० आणि २०००. साधा सँडपेपर नको, तो पाण्यात विरघळतो. शिवाय एक घमेलं, पाणी आणि जुना टूथब्रश. कागद सपाट लाकडी फळीवर ठेवा, त्यावर पाणी शिंपडा, दगड गोल-गोल फिरवत घासा. वॉटर पेपरवर चिकटवलेले काळे कण बहुधा सिलिकॉन कार्बाइडचे असतात. अमेरिकेत एडवर्ड ॲचिसनने १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत हा पदार्थ तयार केला आणि त्याला कार्बोरंडम असं नाव दिलं. त्या नावातला शेवटचा भाग 'कोरंडम'वरून आलाय, आणि तो शब्द आपल्या 'कुरुंदा'च्याच घरातला. दक्षिण भारतातून युरोपात गेला आणि पुन्हा आपल्या हार्डवेअरच्या दुकानात आला.

आता या पाठाचा गाभा. ८० नंबरचा कागद दगड गुळगुळीत करत नाही. तो दगडावर ओरखडेच पाडतो, फक्त सगळे एकसारख्या खोलीचे. २२० नंबर ते ओरखडे पुसून स्वतःचे, त्याहून बारीक पाडतो. ४०० त्याहून बारीक. असं करत करत ओरखडे इतके लहान होतात, की प्रकाशाला ते जाणवेनासे होतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण अर्धा मायक्रॉन असते. ओरखडे त्याहून लहान झाले की पृष्ठभाग आरशासारखा वागू लागतो. चकाकी म्हणजे ओरखड्यांचा अभाव नाही, दिसू न शकणाऱ्या ओरखड्यांची गर्दी.

म्हणूनच मधला कागद गाळून चालत नाही. ८० वरून थेट १००० वर उडी मारणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना अडवू नका, मारू द्या उडी. थोड्या वेळाने दगडावर चमक येते, पण उजेडात तिरपा धरला की चमकेच्या आत ८० नंबरच्या खोल रेघा तशाच दिसतात. १००० च्या बारीक कणांना त्या भरून काढायला दिवस लागतील. मागे जाऊन २२० घेण्यावाचून इलाज नाही. यासाठी एक युक्ती: प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदला. ८० ला उभं घासलं, तर २२० ला आडवं. सगळ्या उभ्या रेघा संपून फक्त आडव्या दिसल्या, की त्या नंबरचं काम झालं. आणि नंबर बदलताना दगड, हात, घमेलं, फळी सगळं धुवायचं. २००० च्या कागदावर ८० चा एक कण आला, तरी सगळी मेहनत वाया.

गणिताच्या शिक्षकांसाठी यात एक तयार उदाहरण आहे. नंबर जसा वाढतो तसा कण लहान होतो. ८० नंबरचा कण सुमारे २०० मायक्रॉनचा, २२० चा ६८, ४०० चा ३५, १००० चा १८ आणि २००० चा १०. मुलांना नंबर आणि आकार यांचे गुणाकार करू द्या. ते नेमके सारखे येत नाहीत, पण सगळे चौदा ते वीस हजारांच्या दरम्यान येतात. व्यस्त चलन पुस्तकात काटेकोर असतं, बाजारात ते असं असतं. मुळात हा नंबर म्हणजे कण चाळायच्या चाळणीला एका इंचात किती भोकं, याचा हिशेब होता हे सांगितलं, की कोडं उलगडतं.

तयार झालेल्या संगमरवरावर लिंबाचा एक थेंब टाका. फेस येतो आणि पुसल्यावर तेवढ्या जागेची चकाकी गेलेली असते. आम्लाने पृष्ठभाग खाल्ला, खड्डे परत आले, साय परत आली. स्वयंपाकघरातला संगमरवरी ओटा निस्तेज का पडतो, ते आईला सांगायला मुलं पळत सुटतात.

गारगोटीसाठी फिरतं पिंप

गारगोटीचं काम महिनाभराचं असतं आणि ते यंत्राने करावं लागतं. यंत्र अगदी साधं: आडवं ठेवलेलं, रबराचं अस्तर असलेलं छोटं पिंप, दोन रूळ आणि संथ फिरणारी मोटर. नदीने हजारो वर्षांत केलेलं काम हे पिंप चार आठवड्यांत करतं, तेही झाकण बंद आणि आत पाणी, म्हणजे धूळ शून्य. म्हणूनच घरच्या छंदासाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो. विकतही मिळतं, आणि थोडंफार वेल्डिंग जाणणारे पालक घरी बनवतात. मोटर आणि वायरिंगला पाणी लागणार नाही अशी रचना हवी आणि जोडणीला अर्थ लीकेज ब्रेकर हवाच. हे काम मोठ्यांचं.

पिंप दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरेल एवढे दगड घाला. सगळे एकाच काठिण्याचे हवेत, नाहीतर कठीण दगड मऊ दगडांचं पीठ करतात. लहानमोठे आकार मिसळलेले चांगले. दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली येईल इतकं पाणी घाला. किलोभर दगडांना साधारण चार मोठे चमचे सिलिकॉन कार्बाइडची भरड पावडर घाला. ही पावडर घर्षणाचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात काम करणारा एखादा पालक वर्गात असेलच, त्यांना विचारा. आठवडाभर भरड, मग आठवडाभर मध्यम, मग बारीक आणि शेवटी सेरियम ऑक्साईडसारखी पॉलिशची पावडर. कागदाचाच क्रम, फक्त पिंपात. दोन टप्प्यांच्या मध्ये दगड आणि पिंप डोळ्यांत तेल घालून धुवायचं. दिवसातून एकदा पिंप थांबवून झाकण उघडा, आत कधीकधी वायू साठतो. वीज गेली तर काळजी नको, आली की पुढे चालू. आवाज मात्र होतो. रात्रभर ठेवणार असाल तर गॅलरीत ठेवा, शेजाऱ्यांना आधी सांगून.

उरलेला राडा मोरीत ओतू नका. तो पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी झाडांना घाला, खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

प्रत्येक टप्प्यानंतर दगडांचं वजन करून तक्ता ठेवायला सांगा. किती टक्के दगड झिजला? कोणत्या टप्प्यात सर्वांत जास्त? शाळेत ग्रॅमचा काटा असेल तर कॅरटही शिकवून घ्या: एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. सराफाची रत्ती ही गुंजेच्या बियांवरून आली. लालकाळी गुंज वर्गात दाखवायला छान, पण ती अतिशय विषारी असते. ती बाटलीत बंद करूनच फिरवा.

पैलू म्हणजे काय

आपल्या निरोप समारंभात एक वाक्य हमखास येतं: सरांनी आमच्या आयुष्याला पैलू पाडले. ऐकून ऐकून ते गुळगुळीत झालंय. पैलू कसा पाडतात हे बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्यानेही बहुधा बघितलेलं नसतं. पिंपातून येतो तो गोल, गुळगुळीत दगड. त्याला पैलू नसतात. पैलू म्हणजे नेमक्या कोनात घासलेला सपाट पृष्ठभाग. त्यासाठी दगड लाखेने काठीच्या टोकाला चिकटवून, कोन मोजणाऱ्या पट्टीला जोडून फिरत्या चकतीवर टेकवतात.

कोन एवढा महत्त्वाचा का? दहावीच्या 'प्रकाशाचे अपवर्तन' या पाठात क्रांतिक कोन आणि पूर्ण आंतरिक परावर्तन येतं. परीक्षेपुरतं पाठ होतं आणि विसरलं जातं. स्फटिकाचा अपवर्तनांक १.५४, त्यावरून क्रांतिक कोन साधारण ४०.५ अंश निघतो. खड्याची खालची बाजू याहून थोडी जास्त उभी, समजा ४३ अंशांवर घासली, तर वरून आत आलेला उजेड खालून निसटत नाही. तो दोनदा उलटून परत डोळ्यांकडे येतो आणि खडा झगमगतो. तीच बाजू ३५ अंशांवर घासली, तर उजेड खालून गळून जातो आणि खड्याच्या मधोमध खिडकीसारखं पारदर्शक भोक दिसतं. त्यातून खालची वर्तमानपत्राची अक्षरं वाचता येतात! हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, त्याचा क्रांतिक कोन फक्त साडेचोवीस अंशांच्या आसपास. म्हणून हिऱ्यातून उजेड सहजासहजी सुटत नाही. पैलू पाडायचं यंत्र महाग असतं, शाळेला परवडणारं नाही. पण दहावीच्या मुलांना आईच्या अंगठीतला खडा वर्तमानपत्रावर ठेवून बघायला सांगा. अक्षरं दिसली तर कारागिराने वजन वाचवायला कोन सपाट ठेवला असेल, असा अंदाज बांधता येतो. अंगठी परत बोटात गेली की नाही ते तेवढं बघा.

खरेदीबद्दल थोडं, कारण हा छंद लागला की मुलं विकतचे दगड मागतात. गडद गुलाबी, निळाशार, पोपटी अकीक दिसला तर तो बहुतेक वेळा रंगवलेला असतो. अकीकच्या काही थरांना अगदी बारीक छिद्रं असतात, ते थर रंग शोषून घेतात, शेजारचे घेत नाहीत. म्हणून पट्टे आणखी उठून दिसतात. यात फसवणूक तेव्हाच, जेव्हा विकणारा नैसर्गिक म्हणून सांगतो. असा रंगीत दगड आणि मुलांनी स्वतः पिंपातून काढलेला करडा-तांबूस दगड शेजारी ठेवले, की कोणता आपल्या मातीतला ते त्यांना न सांगता ओळखता येतं.

सहल काढायची असेल तर नाशिकजवळ सिन्नरला 'गारगोटी' नावाचंच खनिज संग्रहालय आहे, आपल्या दख्खनी दगडांतले उत्तम नमुने तिथे आहेत. एवढं लांब जमत नसेल तर पैठणचं बाळासाहेब पाटील पुराणवस्तू संग्रहालय बघा. जाण्याआधी मुलांना एक काम द्या: कुठलाही दगडी मणी दिसला की त्याचं भोक बघायचं. दोन्ही बाजूंनी छिद्र पाडून मध्ये जुळवलेलं आहे की एकाच बाजूने, आणि सातच्या काठिण्याच्या दगडाला भोक पाडायला त्या माणसाने काय वापरलं असेल, याचा अंदाज वहीत लिहून आणायचा.